दारावरचे पंजे

सोमवार, १५ एप्रिल १९५७, पनवेल

हात पुन्हा पुन्हा धुतले तरी नखांच्या कडेचं रक्त जात नाही. बोकडाचं रक्त. आज पेसाहची संध्याकाळ. सणाचं ताट वाढायचं सोडून मी गल्लीतली दारं सोड्याच्या गरम पाण्याने घासत फिरले आणि लोक माडीवरून तमाशा बघत होते. इतकी शिसारी मला जन्मात कधी आली नव्हती.

आमच्या यहुदी लोकांत ही जुनी चाल आहे. पेसाहचा बोकड कापला की घरच्या कर्त्याने त्याच्या रक्तात पंजा बुडवून दाराच्या चौकटीवर उठवायचा. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, त्या रात्री मृत्यूचा दूत घरोघरचे थोरले मुलगे न्यायला निघाला आणि ज्या दारावर रक्त दिसलं ते दार ओलांडून पुढे गेला, त्याची ही आठवण. आई होती तोवर आमच्याकडे कागदावर पंजा उठवून तो कागद दारावर डकवत. आई गेल्यावर मी तेही बंद केलं. मुलींच्या शाळेत स्वच्छतेचे धडे देणाऱ्या बाईच्या दारावर माश्या बसलेला कागद शोभत नाही.

बाबांना दोन वर्षांपासून काही आठवत नाही. रस्तेखात्यात ओव्हरसीअर होते. पळस्प्यापासून घाटापर्यंतची मोरी न् मोरी त्यांना पाठ होती. आता मला ‘बाई’ म्हणतात आणि जेवून हात वाळायच्या आत ‘जेवायचं कधी?’ विचारतात. पण आज दुपारी कुणाचं लक्ष नसताना सिनेगॉगच्या आवारातून बोकडाचं रक्त भरून आणायचं मात्र बरोबर आठवलं. आणि भांडं कुठलं, तर संडासातलं टमरेल!

नुसता आपल्या दारावर उठवला असता तर मी गपचूप पुसून टाकला असता. तिथे तर उठवलाच. मग शिंप्याच्या दारावर, किराणावाल्याच्या, कोपऱ्यावरच्या वैद्यांच्या आणि शेवटी दिनानाथच्या. पोस्टमास्तरांचं दार तेवढं सोडलं. त्यांच्याकडे चार मुली, कायमचा गोंधळ, तिथे कुणाला कळलंही नसतं. जिथे जाऊ नये तिथेच नेमके गेले.

दिनानाथ कोर्टात कारकून, आमच्या समोरच राहतो. त्याच्या थोरल्याला, गणूला, देवी आल्यात. पोर तापाने फणफणतंय, दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधलेत. त्या डहाळ्यांच्या वर रक्ताचा ओला पंजा. त्याची बायको कमळाबाई किंचाळत रस्त्यावर आली, “करणी केली हो, माझ्या पोरावर करणी केली!” दिनानाथने पोलीस आणला.

मी चौकीत गेले तेव्हा बाबा बाकावर बसले होते. हातावर मनगटापर्यंत रक्त वाळलेलं, त्यावर माश्या आणि चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. मला म्हणाले, “बाई, अजून पुष्कळ घरं राहिलीत.”

हात लावायचीही किळस आली. तरी धरून उठवायला गेले, तर शिपाई म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. आता साहेबांसमोरच उभं करायचं.”

गुरुवार, १८ एप्रिल

मॅजिस्ट्रेटने बाबांना खाडीपलीकडच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. लोकांना उपद्रव देणारा, भटकणारा वेडा, असं सरकारी भाषेत. सरकारी डॉक्टरने विचारलं, सध्या राज्य कुणाचं? बाबांनी ताडकन उभं राहून पंचम जॉर्जचं नाव घेतलं. कोर्टातले लोक फिदीफिदी हसले. दिनानाथही हसला. घरात पोर अंथरुणावर आणि याला हसू येतंय.

माझा थोरला भाऊ एझरादादा मुंबईहून आला होता. नाकाला रुमाल लावूनच बसला. मी म्हटलं, “दादा, तू सांग ना त्यांना, की आम्ही घरी सांभाळतो म्हणून.” तो म्हणाला, “सॅली, तिथे डॉक्टर असतात. तुला तरी किती झेपणार?” भायखळ्याला आपल्या दोन खोल्या आहेत, हे मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही.

बाबांना गाडीत चढवताना दोघांनी पाय धरले, एकाने काखेत हात घातले. धोतर सुटलं. मी दुसरीकडे बघितलं.

शुक्रवार, १९ एप्रिल

काल रात्री मला गाढ झोप लागली. कुणी उठवलं नाही, कुणी अंथरूण ओलं केलं नाही, कुणी ‘चोर! चोर!’ म्हणून दंडुका माझ्यावर उगारला नाही. सकाळी घराला नुसत्या साबणाचा वास येत होता. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची आता दिवसभर किळस येतेय.

रविवार, २१ एप्रिल

इस्पितळात पहिल्यांदा गेले. वॉर्डाच्या अलीकडेच वास भेटायला येतो, मुताचा, फिनेलचा आणि नासक्या आमटीचा. लांबलचक खोली, खाली चटया, पायजम्यांना नाड्या नाहीत. गळफास लावतील म्हणून काढून घेतात. त्यामुळे सगळे एका हाताने पायजमा धरून हिंडतात. माझ्या बापालाही तसंच हिंडताना पाहिलं. दाढी काढलेली, डोकं भादरलेलं, टोपी नाही. बिनटोपीने घास घ्यायचा नाही म्हणून डाव्या हाताचा पंजा डोक्यावर धरतात, मग पायजमा खाली येतो. बाकीचे हसतात.

घास तरी कुठे घेतात! इथे सकाळ-संध्याकाळ पाव आणि दूध. पेसाहचे दिवस, खमीर चालत नाही, म्हणून पाव भिरकावून देतात. मुलीचं नाव आठवत नाही आणि खमीर आठवतं. वॉर्डातला काशिराम, आडदांड माणूस, तोंडात तंबाखू, मला म्हणाला, “काल नळी घालून दूध पाजला. चावला मला. ह्ये बघा.” मनगटावर दातांचे वण दाखवले. माझ्या अंगावर काटा आला. चावला म्हणून की नळी घातली म्हणून, मला सांगता येणार नाही.

डॉक्टर म्हणाले, “सेनाइल आहे.” म्हातारचळ म्हणायला एवढं इंग्रजी शिकावं लागतं.

रविवार, २८ एप्रिल

तांदळाच्या भाकऱ्या करून नेल्या. बाहेरचं अन्न चालत नाही म्हणून मेट्रनने फाटकावरच अडवलं. मी पण शाळेत पोरींना ओरडते तो आवाज काढला. शेवटी काशिराम म्हणाला, “द्या इकडं, मी भरवतो. मला पण चावण्यापेक्षा त्ये बरं.”

बाबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी म्हटलं, “बाबा, पेसाह मंगळवारीच संपला. उद्यापासून पाव खायचा.” त्यांनी माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तसं बघितलं. “बाई, अजून रात्र आहे,” म्हणाले. बाहेर टळटळीत दुपार. हट्ट, दुसरं काही नाही. आयुष्यभर हट्टीच होते.

गुरुवार, २ मे

कृष्णाबाई कोळीण मासे घेऊन आली. कोळीवाड्यातही देवी आहेत. तिचा नातू गेल्या आठवड्यात गेला, मुलाचा पहिलाच. टोपली उतरवून उंबऱ्यावर बसली आणि विचारलं, “बाय, तुज्या बाबानं दाराव रगात कशाला मारलं? गावात लोक कायबाय बोलतान.”

मला लाजच वाटली. तरी सांगितलं. मिसर, मृत्यूचा दूत, रक्ताचं निशाण, सगळं, आणि वर म्हटलं, अडाणी रीत आहे, तू मनावर घेऊ नकोस. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मंग आमचे दाराव का नाय मारला?”

आता या बाईला काय सांगणार! माझ्या बापाला कोळीवाड्याची वाट तरी सापडली असती का? मी म्हटलं, “अगं, भ्रमिष्ट माणूस तो.” ती म्हणाली, “यायला पायजे व्हता त्यानं,” आणि पदराने डोळे पुसले. मी दोन पापलेटं घेतली आणि दार लावलं. खरं म्हणजे तिच्याजवळ बसायला हवं होतं, पण माशांच्या वासाने मला उमळून येत होतं.

रविवार, १२ मे

हे लिहू नये असं वाटतंय. पण कुणापाशी बोलणार?

डॉक्टरांनी खोलीत बोलावलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, तुमचे वडील रोज संध्याकाळी विष्ठेत हात बुडवून वॉर्डाच्या दाराच्या चौकटीवर पंजा मारतात. धुतलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. म्हणून आता दोन्ही हातांना जाड कापडाच्या पिशव्या बांधल्या आहेत.

शी! शी! याच हातांनी माझं बोट धरून या माणसाने मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली. याच हातांचं पाणी पिऊन मी वाढले. मी व्हरांड्यात जाऊन ओकले आणि मग आत जाऊन त्यांच्या पिशव्या बघितल्या. मनगटं सोलवटून पाणी सुटलंय. चिकट. माश्या. मी काशिरामला म्हटलं, “सोडा त्या.” तो म्हणाला, “आणि पुसायचं कोणी, तुम्ही?”

तो उत्तराची वाट बघत उभा राहिला, हलकट.

पुढच्या चटईवरचा एक म्हातारा आठवड्यापूर्वी होता, आज नव्हता. जागा रिकामी. कुठे गेला, विचारलं तर काशिरामने बोट नुसतं वर केलं. बाबांचंही असंच होणार. जखमा चिघळतील, ताप येईल आणि मला कार्ड येईल. पाऊस लागायच्या आत त्यांना इथून काढायचं. बास.

सोमवार, २० मे

मॅजिस्ट्रेटला भेटले. म्हणतो, “मुलगा हयात असताना तुमच्या ताब्यात कसे देऊ? त्यांची लेखी संमती आणा. आणि समोरच्या शेजाऱ्यांची हरकत नाही असंही आणा.” मी पंधरा वर्षं शाळेत नोकरी करते, घर चालवते, बापाचं हगणंमुतणं काढते, आणि संमती कुणाची, तर नाकाला रुमाल लावणाऱ्याची.

आधी दिनानाथकडे गेले. गणू ओसरीवर बसून पेरू खात होता. तोंडभर व्रण, पण डोळे शाबूत. दिनानाथने पाठ वळवली. कमळाबाईच आतून आली. मी हात जोडले. जन्मात कुणाला जोडले नव्हते. म्हटलं, “दाराला बाहेरून कुलूप ठेवीन. पुन्हा तुमच्या पायरीवर येणार नाहीत.” ती नवऱ्याला म्हणाली, “द्या लिहून. त्या दिवशी म्हातारा दारातून माझ्या पोराकडे बघून रडत होता, मी पाहिलंय.” दिनानाथ म्हणाला, “मग तेव्हा का नाही बोललीस?” ती म्हणाली, “तेव्हा तुम्ही पोलीस आणायला पळाला होतात.”

बाबा आणि रडणं! तिला काहीतरी भास झाला असेल. असो, सही मिळाली.

सोमवार, ३ जून

भायखळ्याला गेले. दादाकडे पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे ट्रंका. इस्राएलला जायचं पक्कं झालंय, याच आठवड्यात निघणार. वहिनी जोकबेद पाट्यावर मसाला वाटून डबे भरत होती, तिकडे मिळणार नाही म्हणून. मला कुणी कळवलंही नव्हतं.

“बाबांचं काय?” मी विचारलं.

“तिकडे आजारी माणसाला घेत नाहीत, सॅली. डॉक्टरची तपासणी असते.”

“म्हणून इस्पितळात टाकलेत?”

“मी टाकले? पोलिसांनी नेले.” आणि मग आवाज उतरवून, “तू एकटी का अडकतेस? बाबांचं काय ते झालं की तुलाही बोलावून घेतो.”

काय ते झालं की! वहिनी वाटता वाटता थांबली. मला त्या मसाल्याची, त्या ट्रंकांची, त्याच्या नव्या कोटाची, सगळ्याची किळस आली. मी कागद पुढे केला. त्याने एका ट्रंकेवर ठेवून सही केली, न वाचता. मी म्हटलं, “एकदा भेटून ये. तू थोरला.” तो म्हणाला, “त्यांना कळणार आहे का, कोण आलंय ते?” मग रुमाल काढला, या वेळी डोळ्यांसाठी. मला तोही रुमाल बघवला नाही.

गुरुवार, ६ जून

बाबा घरी आहेत. आतल्या खोलीत झोपलेत. झालं ते आजच लिहून ठेवते.

दुपारी कागद घेऊन वॉर्डाशी गेले. काशिरामने कडी काढली. बाबा दारातच उभे होते, पिशव्या बांधलेले दोन्ही हात पसरून चौकट अडवून. अंगावर हाडं तेवढी उरलीत. पायजमा घोट्यांशी पडलेला, त्याची शुद्ध नाही. त्यांच्या मागे वॉर्डातले सगळे म्हातारे भिंतीला पाठ लावून ओळीने बसले होते.

“रोज बसवतात असं,” काशिराम म्हणाला. “कोणाला दाराशी येऊ देत नाय. कोण बाहेर निघाला की वरडतात. आमाला बरंच पडतं.”

मी पुढे झाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले होते का घाबरले होते, मला कळेना, पण पाय हलले नाहीत. “इथं नाही,” ते म्हणाले. “ही सगळी माझी माणसं. दारावर निशाण आहे. तू पुढं जा.”

मी वर पाहिलं. चौकटीच्या फिकट रंगावर पाच बोटांचा पिवळा डाग होता, फिनेलने घासूनही न गेलेला.

मी त्यांना कोण वाटले हे कळायला मला वेळच लागला. कळलं तेव्हा संताप आला. भाकऱ्या थापून, एसटीचे धक्के खात, फाटकावर भांडून, कारकुनासमोर हात जोडून आले ती मी, आणि मीच मृत्यूचा दूत! तोंडावर दार आपटून निघून जावं असं वाटलं.

“उचलू काय, बाई?” काशिराम म्हणाला. “पाय धरले की येतात.”

“हात लावू नका,” मी ओरडले.

आम्ही लहान असताना पेसाहच्या रात्री बाबा दाराला अडसर घालायचे आणि बजावायचे, उजाडेपर्यंत कुणीही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. दादा मुद्दाम एक पाय बाहेर काढायचा आणि बाबा खरोखर पांढरे पडायचे. मी चौकटीवरच्या त्या घाणेरड्या पंजाकडे बघत राहिले. हा माणूस एप्रिलपासून त्या एकाच रात्रीत उभा होता. जे हाताला लागलं त्याने दार राखत होता, आणि मी प्रत्येक रविवारी येऊन त्याला पावाबद्दल सांगत होते.

“बाबा,” मी म्हटलं, “उजाडलं. तो गेला. पुढे निघून गेला.”

त्यांनी माझ्या खांद्यावरून व्हरांड्यातलं ऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“कारकुनाचा पोर?”

“आहे. पेरू खातोय.”

“शिंप्याचा?”

“आहे, बाबा.”

“वैद्यांचा?”

“आहे.”

हात थोडे खाली आले. तोंडाचा वास अंगावर येत होता, पण मी मागे सरकले नाही. त्यांना शेवटचं विचारायचं होतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

“आणि आमचा एझरा? आमचा थोरला?”

दादा कालच निघून गेला. न भेटता.

“आहे,” मी म्हटलं. “सुखरूप आहे.”

तेव्हा त्यांनी हात पूर्ण खाली घेतले. मी वाकून पायजमा वर ओढला, त्याच्याच कापडाची गाठ मारून कमरेला बसवला, आणि त्यांनी उंबरा ओलांडला. माझ्याबद्दल काही विचारलं नाही. त्या रात्री मुलींना कसलाच धोका नसतो.